मांस तापमापक

मांस तापमापक हे शिजत असलेल्या मांसाच्या आतील भागाचे तापमान मोजणारे स्वयंपाकघरातील उपकरण आहे. टोकदार धातूची सळई आणि तिला जोडलेली तबकडी किंवा डिजिटल पडदा असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. भट्टीत मांसाचा मोठा तुकडा किंवा अख्खा पक्षी भाजण्याची पद्धत असलेल्या पाश्चात्त्य देशांत त्याचा वापर रूढ आहे. महाराष्ट्रातील घरगुती स्वयंपाकात मात्र ते क्वचितच आढळते.

महाराष्ट्रातील घरगुती पद्धती

तापमापक क्वचित आढळण्याचे मुख्य कारण मांस शिजवण्याच्या पद्धतीत आहे. उस्मानाबादी शेळी ही मांसासाठी प्रसिद्ध असलेली जात धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाते. या जिल्ह्यातील ईटसारख्या गावांत, मराठवाड्यात इतरत्र होते त्याप्रमाणेच, मटणाचे लहान तुकडे करून ते रश्श्यात दीर्घकाळ शिजवले जातात किंवा कुकरमध्ये लावले जातात. कुकरमधील तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अशा वेळी तापमान मोजण्याची गरज उरत नाही.

शिजलेला तुकडा बोटांनी दाबून पाहण्याची प्रचलित कसोटी मऊपणाची आहे, सुरक्षिततेची नव्हे. मटणाच्या स्नायूंना जोडणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिनमध्ये रूपांतर होण्यास उष्णतेइतकाच वेळही लागतो. त्यामुळे ७१ अंशांपर्यंत तापलेले जून बोकडाचे मटण खाण्यास सुरक्षित असले, तरी चिवट राहते. ते मऊ होईपर्यंत सुरक्षिततेची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. कोंबडीचे मांस मुळातच कोवळे असल्याने तेथे ही कसोटी लागू पडत नाही. निखाऱ्यावर भाजलेली तंगडी, तंदुरी कोंबडी, खिम्याचे कबाब आणि भट्टीतील अख्खी कोंबडी हे पदार्थ बाहेरून करपू लागले तरी आत कच्चे राहू शकतात. तापमापकाचा खरा उपयोग या पदार्थांसाठी आहे.

रंगावरूनही खात्री पटत नाही. काही वेळा मांस सुरक्षित तापमानाला पोहोचण्याआधीच तपकिरी दिसू लागते. उलट कोवळ्या कोंबडीच्या हाडांजवळचे मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकते. हळद, तिखट आणि येसूर किंवा काळा मसाला लावल्यावर तर मांसाचा मूळ रंग ओळखणेच कठीण होते.

सुरक्षित तापमान

अमेरिकेच्या कृषी विभागाने कोंबडीसाठी ७४ अंश, खिम्यासाठी ७१ अंश आणि बकऱ्याच्या मांसाच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश व त्यानंतर ३ मिनिटांचा विराम अशी किमान मर्यादा सांगितली आहे. खिम्याची मर्यादा अधिक आहे, कारण मांस दळताना पृष्ठभागावरील जीवाणू आतपर्यंत मिसळतात. तापमानाबरोबर कालावधीही महत्त्वाचा असतो. ७० अंश तापमान २ मिनिटे टिकले, तरी जवळपास तोच परिणाम साधतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही हा रोग निष्पन्न झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मांसाच्या सर्व भागांचे तापमान ७० अंशांपर्यंत गेल्यास हा विषाणू नष्ट होतो. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला. त्या साथीत मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. तथापि हा जीवाणू कोंबडीच्या कच्च्या मांसातही सामान्यपणे असतो आणि ते नीट शिजवल्यास मरतो.

वापर

सळईचे टोक मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसतात. अख्ख्या कोंबडीत मांडीचा आतील भाग आणि छातीचा जाड भाग अशा दोन्ही ठिकाणी तापमान पाहणे आवश्यक असते. तबकडीच्या तापमापकात संवेदक भाग टोकापासून सुमारे ५ ते ६ सेंटिमीटरपर्यंत पसरलेला असल्याने तो कबाबासारख्या पातळ पदार्थांस उपयोगी नाही. बारीक टोकाचा डिजिटल तापमापक तेथे अधिक योग्य ठरतो. अवरक्त किरणांवर चालणारे उपकरण केवळ पृष्ठभागाचे तापमान दाखवते. ताप मोजण्याचा वैद्यकीय तापमापक या कामी मुळीच चालत नाही, कारण त्याची मोजपट्टी ४२-४३ अंशांच्या आसपास संपते. अर्धवट शिजलेल्या मांसात घातलेली सळई साबणाने धुऊनच पुन्हा वापरावी लागते.

अचूकता तपासण्यासाठी सळई बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात बुडवतात; ० अंश दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यानेही तपासता येते, परंतु तेव्हा स्थळाची उंची लक्षात घ्यावी लागते. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावर ते ९८ अंशांच्या आसपास उकळते. अशा ठिकाणी १०० दाखवणारा तापमापक प्रत्यक्षापेक्षा २ अंश जास्त दाखवत असतो आणि ही चूक कच्च्या मांसाच्या बाजूने झुकणारी असते.