गाण्यांची खातेवही

1949 साली ‘महल’ पडद्यावर आला तेव्हा त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. आवाज लता मंगेशकरांचा. तेव्हा ही रीतच होती. पडद्यावर जो ओठ हलवतो, गाणं त्याचं. ऐकणाऱ्यांना मात्र ते पटलं नाही. ही कामिनी कोण, असं विचारणारी पत्रं रेडिओकडे गेली, रेडिओनं रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि खरं नाव श्रोत्यांना सांगितलं. त्याच वर्षीच्या ‘बरसात’पासून पार्श्वगायकांची नावं रेकॉर्डवर येऊ लागली.

हा लेख त्या पत्रं लिहिणाऱ्यांच्या वंशजांवर आहे. गाणं ऐकून झालं की ‘वा!’ म्हणून थांबत नाहीत अशी ही माणसं. कोणी लिहिलं, चाल कोणाची, मागे कोरसमध्ये कोण होतं, रेकॉर्डचा नंबर काय, हे विचारतात आणि उत्तर मिळालं की वहीत टिपून ठेवतात. अशा वह्यांचे पुढे कोश झाले, कोशांची संकेतस्थळं झाली आणि काही संकेतस्थळांची पुन्हा पुस्तकं झाली. विद्यापीठांनी, सरकारांनी किंवा रेकॉर्ड कंपन्यांनी जे काम करायला हवं होतं, ते बरंचसं नोकरी सांभाळून, घरखर्चातून पैसे काढून या चाहत्यांनी केलं.

या घराण्याचा मूळ पुरुष रेडिओ सिलोन. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. हे केसकर आपलेच, मराठी. चित्रपटसंगीत हलकं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि आकाशवाणीवर त्याची जवळजवळ हकालपट्टी झाली. श्रोते काटा फिरवून सिलोनला गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आकाशवाणीला चूक उमगून ‘विविध भारती’ सुरू व्हायला 1957 चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या पाच वर्षांत गावोगावी श्रोता संघ निघाले, फर्माइशीची पोस्टकार्डं लिहिली गेली आणि आठवड्याच्या क्रमवारीच्या वह्या भरल्या. केसकरांनी चित्रपटसंगीताची केलेली ही सर्वांत मोठी सेवा. ती त्यांना नको होती, एवढंच.

कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ याच श्रोत्यांच्या परंपरेतले. त्यांचा ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ दशकवार आहे आणि पहिल्या पाच खंडांत 1931 ते 1980 ही पन्नास वर्षं येतात. गंमत म्हणजे आधी प्रसिद्ध झाला तो तिसरा खंड, 1951 ते 1960 चा, 1980 साली. पहिल्या दशकाचा पहिला खंड यायला 1988 उजाडलं. ज्यानं कधी जुन्या गाण्याचा माग काढला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. पन्नाशीतल्या गाण्यांच्या रेकॉर्डी घरोघरी होत्या. तिशीतल्या कित्येक चित्रपटांची रीळं जळाली, कुजली किंवा चांदीसाठी वितळवली गेली आणि त्यांतल्या पुष्कळ गाण्यांच्या रेकॉर्डी निघाल्याच नव्हत्या. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (1931) घ्या. त्यात सात गाणी होती. आज चित्रपटाची एकही प्रत नाही आणि गाण्यांची रेकॉर्डही नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. ती ऐकायची सोय नाही, पण मोजता येतात. ती कशी, तेच या कारागिरीचं मर्म.

कोशकाराचा कच्चा माल म्हणजे चित्रपटगृहाबाहेर एक-दोन आण्याला विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका. तिच्यात कथासार, कलाकारांची नावं आणि सगळ्या गाण्यांचे शब्द असत. गायकाचं नाव बहुधा नसे. ते मिळवायला रेकॉर्डचं लेबल, रेकॉर्ड कंपन्यांच्या सूच्या, जुन्या सिनेमासिकांतल्या जाहिराती, सेन्सॉरच्या नोंदी आणि शेवटी हयात असलेल्या वादकांना, गायकांना गाठून विचारणं. हे सगळे साक्षीदार एकमेकांशी क्वचितच जुळतात. पुस्तिकेतलं गाणं ऐन वेळी कापलेलं असतं. रेकॉर्डवर एक आवाज असतो, पडद्यावर दुसरा. संगीतकाराच्या नावाखाली सहायकाची चाल असते. म्हातारा गायक छातीवर हात ठेवून सांगतो ते माझंच, आणि कागद सांगतो की तुमचं नव्हे. कच्चा कोशकार इथे अंदाज ठोकून मोकळा होतो. पक्का कोशकार जागा रिकामी ठेवतो. माझ्या मते कोशाची पारख भरलेल्या रकान्यांवरून करूच नये, रिकाम्या ठेवलेल्यांवरून करावी.

एका कोशातून दुसरा निघाला. सुरतेच्या हरीश रघुवंशींनी मुकेशच्या गाण्यांचा कोश केला, गुजराती चित्रपटगीतांचाही केला. मुंबईच्या विश्वास नेरूरकरांनी लता मंगेशकरांच्या गाण्यांची आणि अनेक संगीतकारांच्या कामाची सूची बांधली. ही पुस्तकं वाचायची नसतात, चाळायची असतात. अभिमानानं कपाटात ठेवलेली आणि वाद पेटला की खाली उतरवलेली.

वाद तरी किती! सर्वांत मोठा गिनेस बुकाचा. 1974 च्या आवृत्तीत नोंद झाली की लता मंगेशकरांनी 1948 पासून वीस भाषांत किमान 25,000 गाणी ध्वनिमुद्रित केली. महंमद रफींनी हरकत घेतली, गिनेसला पत्रं लिहिली. त्यांच्या निधनानंतर 1984 च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीसोबत रफींचा 28,000 गाण्यांचा दावाही छापला गेला. आपल्याकडच्या चाहत्यांचे दोन तट पडले. तेवढ्यात कोशवाले वह्या घेऊन बसले. हिशेब सोपा होता. त्या काळात वर्षाला शंभराच्या आसपास हिंदी चित्रपट निघत, चित्रपटामागे आठ-नऊ गाणी. सव्वीस वर्षांत सगळ्या गायकांची मिळून हिंदी चित्रपटगीतंच वीस-बावीस हजार होतात. इतर भाषांतली धरली तरी एका गळ्याला पंचवीस हजार कुठून येणार? नावनिशीवार मोजदाद झाली तेव्हा दोघांचीही हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरली. 1991 मध्ये गिनेसनं दोन्ही नोंदी काढून टाकल्या. 2011 मध्ये आशा भोसले यांची नोंद झाली ती 11,000 पर्यंत गाण्यांची. लताबाईंची थोरवी यानं तसूभर कमी झाली नाही. कमी झाली ती आपल्या तोंडची शून्यं. चाहत्यानंच आपल्या दैवताचा आकडा पाचपटीनं खाली आणावा, याला मी निष्ठा म्हणतो.

इंटरनेट आलं तेव्हा अडचण निराळीच होती. संगणकाला देवनागरी येत नव्हती. अविनाश चोपडे यांनी 1991 मध्ये ‘आयट्रान्स’ ही प्रणाली केली. साध्या रोमन कळफलकावर ठरावीक पद्धतीनं टंकलं की देवनागरी छापून मिळायची. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या पोरांनी तिच्यात हिंदी गाणी उतरवायला घेतली आणि त्यातून गाण्यांचा सार्वजनिक संग्रह उभा राहिला. पुढे त्याच वाटेवर ‘गीतायन’ आलं. शब्द आठवणीतून लिहायचे, दुसऱ्यानं दुरुस्त करायचे, तिसऱ्यानं चित्रपटाचं नाव घालायचं. जुने श्रोता संघच हे, पोस्टकार्डाचे पैसे वाचले.

मराठीत हे काम ज्या स्थळानं घरोघरी पोचवलं ते अलका विभास यांचं ‘आठवणीतली गाणी’. भावगीत, चित्रगीत, नाट्यसंगीत, अभंग, लावणी, बालगीत, सगळं अकारविल्हे लावलेलं. गाण्याच्या पानावर पूर्ण शब्द आणि खाली गीत, संगीत, स्वर, नाटक वा चित्रपट, बऱ्याच ठिकाणी राग आणि अवघड शब्दांचे अर्थ. मराठी गाणं शोधणारा माणूस फिरून फिरून तिथेच येतो. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांची निवेदनं, शाळांच्या स्नेहसंमेलनांतली गाणी आणि परदेशातल्या मंडळांच्या गणेशोत्सवातल्या मैफली यांतलं किती तिथून उतरवलेलं असतं, हे उतरवणारे सहसा सांगत नाहीत. निदान नाव तरी घ्यावं.

अशा स्थळाचं खरं मोल पुण्या-मुंबईत कळत नाही. ते कळतं तेलंगणातल्या आदिलाबादसारख्या जिल्ह्यात. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. भाषावार रचनेत त्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आज एक नांदेड जिल्ह्यात आहे, दुसरा चंद्रपूर जिल्ह्यात. रेष कुठेही मारली तरी घरातली भाषा तिच्या सांगण्यावरून थांबत नाही. बेला, जैनद, तामसी या भागांत आजही चुलीपाशी मराठी आहे, बाजारात तेलुगू आणि रानात गोंडी, कोलामी. पोरं तेलुगूत शिकतात, पण शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. तिथल्या एखाद्या मुलीला आजीच्या तोंडचं नाट्यपद पूर्ण हवं असेल तर मराठी पुस्तकांचं दुकान गाठायला नांदेड किंवा नागपूरची वाट धरावी लागणार. तिच्यासाठी हे स्थळ हेच ग्रंथालय. शिवाय ते तिला गाण्यासोबत कवीचं नावही देतं, आणि सीमेवर नावं फार लवकर गळतात.

नावं कशी गळतात याचं ठळक उदाहरण ‘गीतरामायण’. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीनं दर आठवड्याला एक, अशी 56 गीतं प्रसारित केली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आज कोणालाही विचारा, गायली कोणी? बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी. खरं म्हणजे मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके, योगिनी जोगळेकर अशी मोठी फौज होती. पुढे फडक्यांच्या एकट्याच्या कार्यक्रमांनी आणि ध्वनिमुद्रिकांनी ते आवाज झाकून टाकले. पुस्तक मात्र झटपट निघालं: केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं 1957 साली. लोकांनी आधी ऐकलं, मग कागदावर मागितलं.

पुस्तक म्हटलं की हक्कांचा प्रश्न आला. फुकट चालतं तोवर सगळे कौतुक करतात, किंमत छापली की वकील येतात. जगातला गाजलेला दाखला हॅरी पॉटरचा. अमेरिकेत मिशिगनचे शाळा-ग्रंथपाल स्टीव्ह व्हँडर आर्क यांनी 2000 मध्ये पॉटरच्या जादुई जगाचा कोश इंटरनेटवर मांडला. स्वतः जे. के. रोलिंग यांनी 2004 मध्ये त्याची पाठ थोपटली. लिहिताना संदर्भ अडला की आपणही तिथेच डोकावतो, असं कबूल केलं. 2007 मध्ये त्याचं पुस्तक निघणार असं कळताच रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स न्यायालयात गेले. 8 सप्टेंबर 2008 च्या निकालात न्यायाधीश पॅटरसन म्हणाले की दुसऱ्याच्या कादंबऱ्यांवर संदर्भग्रंथ करायला मुळात हरकत नाही, पण या पुस्तकात लेखिकेची वाक्यंच्या वाक्यं उचललेली आहेत. भरपाई ठरली 6,750 डॉलर. वाक्यं काढून, विवेचन घालून सुधारलेलं पुस्तक 2009 च्या जानेवारीत आलंच. उलट स्वीडनमधल्या एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटनसन यांचं नशीब पाहा. 1999 पासून त्यांनी जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांचं संदर्भस्थळ चालवलं आणि 2014 मध्ये लेखकानंच त्यांना सोबत घेऊन जोडग्रंथ काढला.

आपल्याकडेही रेष साधारण तिथेच आहे. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2007 मध्ये सांगितलं की नुसती मेहनत हक्क देत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी आणि निवड दिसली पाहिजे. म्हणजे हे गाणं कोणी गायलं, या माहितीवर कोणाची मालकी नाही. ती मांडण्याच्या कौशल्यावर आहे. गाण्याचे शब्द ही निराळी गोष्ट. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. भा. रा. तांबे 1941 साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या. माडगूळकर 1977 साली गेले, त्यांचे शब्द 2037 संपेपर्यंत वारसांचे. म्हणून गीतसूची कोणीही छापावी. गीतसंग्रह छापायचा तर आधी परवानगीचं पत्र हातात हवं. चाहते इथे भाबडे असतात. प्रेमापोटी केलं म्हणून कायदा माफ करतो, असं त्यांना वाटतं.

आणि एक चिंता. वहीला वारस लागतो. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, ती छापली गेली म्हणून आज हाताशी आहे. संकेतस्थळाचं तसं नाही. दरवर्षी जागेचं भाडं भरणारा माणूस थकला की एका सकाळी पान उघडत नाही. त्यामुळे या मंडळींनी कागदावर पुस्तकं काढणं याला मी हौस समजत नाही, तो विमा आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी निदान या सूच्यांच्या प्रती जपून ठेवायला काय हरकत आहे? त्यासाठी आयोग नको, एक कपाट पुरे.

तोवर वाचकांनी एवढं करावं. घरात जुन्या गाण्यांच्या पुस्तिका, रेकॉर्डींची पाकिटं, फिरत्या टॉकीजची हस्तपत्रकं असतील तर रद्दीत घालू नयेत. त्यांवरची नावं, साल आणि नंबर जसेच्या तसे उतरवून जवळच्या कोशकाराला कळवावेत. आदिलाबाद, किनवट, राजुऱ्याकडच्या वाचकांना तर खास सांगणं आहे: तुमच्या पेट्यांपर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.