डिझेल पिकअपचा एअर फिल्टर : निवड, बदल आणि काही रूढ समजुती

भाषा शिकविणाऱ्या अध्यापकाने इंजिनाच्या गाळणीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरचा चरितार्थ एका पिकअपवर चालतो. बेळगाव परिसरात हे विशेष जाणवते. भाजीपाला भरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या, खानापूरच्या बाजूने विटा आणणाऱ्या, गळीत हंगामात शेताच्या कच्च्या वाटांवर फिरणाऱ्या गाड्यांत डिझेल पिकअपचा भरणा मोठा आहे. त्या गाडीचे इंजिन वेळेआधी बसले तर घरचे कर्ज वाढते आणि त्या वर्षी मुलाची फी राहते. हा अनुभव वर्गशिक्षक या नात्याने आपल्यापैकी अनेकांना असेल.

प्रस्तुत लेखकाला तो घरातच आला. थोरल्या बंधूंची पिकअप सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेली आणि तेल पिऊ लागली. ऑईलच्या झाकणातून धूर येऊ लागला, चढावर दम राहिला नाही. मिस्त्रींनी इंजिन उघडण्याआधी फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाईप काढला आणि आतून बोट फिरवले. बोटाला तांबडी माती लागली. लायनर झिजले होते, पिस्टनच्या रिंगा पातळ झाल्या होत्या. खर्च साठ हजारांच्या वर गेला. बंधूंचे म्हणणे एवढेच होते की, ‘मी तर दर जुम्म्याला गाडी उभी करून फिल्टरला हवा मारून घेत होतो. एवढी काळजी घेऊनही माती आत गेली कशी?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे लक्षात आले की, माती आत जाण्यामागे ती काळजीच बऱ्याच अंशी कारणीभूत होती.

इंजिन किती हवा घेते, हे आधी पाहू. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८४० ग्रॅम धरले, तर लिटरमागे किमान १२ किलो हवा झाली. ही हवा सुमारे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर जागा व्यापते. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा ओढते, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून बराच मोठा असतो. लिटरला १४ किलोमीटर चालणारी गाडी १०,००० किलोमीटरमध्ये सुमारे ७०० लिटर डिझेल जाळते आणि निदान ७,००० घनमीटर हवा आत घेते. समजा, कच्च्या रस्त्यावरील दर घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम धूळ आहे. तेवढ्या प्रवासात ३५ ग्रॅम माती इंजिनाच्या दारापर्यंत पोहोचेल. मूठभरसुद्धा नव्हे, पण ही माती साधी नसते. तिच्यात क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे आणि लायनरचे बिडाचे लोखंड त्यापेक्षा मऊ आहे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, तर इंजिनाचे खरे नुकसान ५ ते २० मायक्रॉनचे कण करतात. रिंग व लायनर यांच्यामधील तेलाचा थर इतका पातळ असतो की, असा कण त्यात शिरला की कानशीप्रमाणे दोन्हीकडचा धातू खरवडतो. डोळ्यांना दिसणारी जाडी धूळ त्या मानाने कमी घातक, कारण ती सहसा पहिल्या टप्प्यातच अडकते.

आजच्या पिकअपमध्ये फिल्टर बहुतेक घड्या घातलेल्या, राळ चढविलेल्या कागदाचा असतो. (जुन्या जीपमध्ये तेलाच्या भांड्याचा फिल्टर असे, ट्रॅक्टरमध्ये तो अजूनही पाहावयास मिळतो.) जुना फिल्टर कापून वर्गात दाखविला, तर गणिताचा एक तास सहज निघतो. ८० घड्या, प्रत्येक अडीच सेंटिमीटर खोल आणि वीस सेंटिमीटर उंच असतील, तर कागदाचे क्षेत्रफळ ८,००० चौरस सेंटिमीटर भरते. त्याच फिल्टरचा बाहेरचा गोल पृष्ठभाग, व्यास १४ सेंटिमीटर धरल्यास, जेमतेम ८८० चौरस सेंटिमीटर असतो. घड्यांमुळे नऊपट जागा मिळाली. स्वस्त फिल्टरमध्ये नेमकी येथेच काटकसर केली जाते: घड्या विरळ, कागद कमी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

हा कागद चाळणीसारखे काम करतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. चाळणीत छिद्रापेक्षा मोठा कण अडतो. येथे मात्र हवा तंतूंच्या जाळ्यातून वळणे घेत जाते आणि जड कण वळू न शकल्याने तंतूवर आदळून चिकटतात. जसजशी धूळ साठते, तसतसा तिचा थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. त्यामुळे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ अधिक चांगली अडवतो. अर्थात याला मर्यादा आहे. थर वाढला की हवेला अडथळा वाढतो. फिल्टर बदलायचा तो या अडथळ्यासाठी. तो मळका दिसतो, हे बदलण्याचे कारण नव्हे.

एअर फिल्टर तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ५०११ या मानकात दिली आहे. ठरावीक प्रतीची धूळ सोडून फिल्टर किती टक्के धूळ अडवतो, हवेला किती अडथळा करतो आणि एकूण किती धूळ पोटात साठवतो, अशा गोष्टी तीत मोजतात. टक्केवारीच्या बाबतीत एक भाषिक गफलत होते. ९९ टक्के आणि ९९.९ टक्के हे आकडे ऐकायला जवळजवळ सारखे वाटतात. पण आपल्याला पर्वा असते ती आत गेलेल्या धुळीची. शंभर ग्रॅमपैकी पहिला फिल्टर एक ग्रॅम आत सोडतो, दुसरा दशांश ग्रॅम. फरक दहापट आहे.

आता दर जुम्म्याच्या हवेकडे वळू. गॅरेजमधील कॉम्प्रेसरची हवा सहा-सात किलो दाबाची असते. ती घडीवर जवळून मारली की कागदाचे तंतू फाकतात, बारीक चिरा पडतात. त्या चिरा दहा-वीस मायक्रॉनच्या असल्या तरी इंजिनाला पुरेशा आहेत. फिल्टरच्या आत बल्ब धरून अंधारात पाहावे, अशी एक युक्ती सांगतात. तिने मोठे भोक कळते, ही चीर कळत नाही. शिवाय हवा मारताना धुळीचा तो उपयोगी थर निघून जातो. मिस्त्री बाहेरून आत हवा मारत असेल, तर कागदावरची धूळ स्वच्छ बाजूकडे ढकलली जाते. आणि सर्वांत मोठी हानी म्हणजे फिल्टर दर आठवड्याला काढला-घातला जातो. प्रत्येक वेळी डब्यातील माती हलते, रबरी कडेवर कण बसतात आणि कड पूर्वीसारखी घट्ट टेकत नाही. फिल्टर आपटून झाडण्याची सवय तर याहून वाईट, कारण कड आणि टोकाच्या पट्ट्या वाकतात. एखाद्या गाडीच्या माहितीपुस्तिकेने हवा मारण्यास परवानगी दिली असेल, तर ती दोन किलोच्या आतील दाबाने, आतून बाहेर आणि अंतर ठेवून मारावी. ज्या गाड्यांत मोठ्या फिल्टरच्या पोटात दुसरा लहान सुरक्षा फिल्टर असतो, त्या लहान फिल्टरला हवा कधीही मारू नये. तो सर्वसाधारणपणे तिसऱ्या बदलाच्या वेळी नवा घालतात.

मग बदलायचा केव्हा? मोठ्या ट्रकवर अडथळा दाखविणारा इंडिकेटर असतो. अडथळा ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेला की त्यात लाल पट्टी दिसते. पिकअपवर तो नसल्यास माहितीपुस्तिकेतील किलोमीटरचा आकडा पाहावा. त्यातही धुळीच्या रस्त्यांसाठीचा वेगळा, कमी आकडा पाहावा. विटा, खडी वा ऊस वाहणाऱ्या गाडीला तोच लागू होतो, नेहमीचा नव्हे. ‘फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये पेट्रोल गाड्यांवर चाचण्या घेतल्या. आधुनिक गाड्यांत फिल्टर तुंबल्याने इंधनाच्या खर्चात विशेष फरक पडला नाही. वेग घेण्याची ताकद मात्र कमी झाली. डिझेलची गोष्ट थोडी निराळी आहे. जुन्या पंपाच्या इंजिनात हवा कमी पडली की काळा धूर येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या अनेक गाड्यांत आत येणारी हवा सेन्सरने मोजली जाते आणि संगणक त्यानुसार डिझेल कमी करतो; धूर दिसत नाही, पण गाडी ओढत नाही. आमच्याकडे चालक याला ‘पिकअपला पिकअप नाही’ असे म्हणतात. पहिला पिकअप म्हणजे वाहन, दुसरा म्हणजे वेग घेण्याची ताकद! इंग्रजीतून आलेल्या एकाच शब्दाला मराठीने शेजारी शेजारी दोन अर्थ दिले आहेत.

याच तक्रारीवर काही जण भलताच उपाय करतात. फिल्टरच्या डब्याला भोक पाडतात, किंवा तेल लावलेला कापडी फिल्टर बसवितात. भोकातून आलेली हवा फिल्टरच्या मागच्या बाजूने आली, तर ती गाळलेलीच नसते. कापडी फिल्टर हवा सढळ सोडतो हे खरे, पण बारीक धूळ कागदापेक्षा जास्त सोडतो. धुऊन पुन्हा तेल लावताना ते जास्त झाले, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसते. शर्यतीच्या गाडीचे इंजिन वारंवार उघडले जाते. भाजीच्या गाडीचे इंजिन तीन-चार लाख किलोमीटर चालावे अशी मालकाची अपेक्षा असते.

निवड करताना फिल्टरवरील क्रमांक हाच पहिला आधार. ‘साहेब, बसतो की!’ हे दुकानदाराचे वचन पुरेसे नाही. बंधूंच्या गाडीत निघालेला फिल्टर तसाच ‘बसणारा’ होता. मूळ फिल्टरशेजारी ठेवला तेव्हा दोन-तीन मिलिमीटर बुटका निघाला. झाकण लागत होते, क्लिपा लागत होत्या, फक्त कड डब्याला नीट टेकत नव्हती. म्हणून जुना व नवा फिल्टर सपाट फरशीवर शेजारी उभे करून उंची पाहावी. कडेचे रबर बोटाने दाबावे. ते मऊ असावे आणि दाब सोडताच पूर्ववत व्हावे. कडक, चमकदार रबर बहुधा टेकत नाही. घड्यांमधील अंतर सारखे आहे का, कागद टोकाच्या पट्टीत पूर्ण बुडालेला आहे का, हेही पाहावे. खोका मूळ कंपनीचा दिसतो म्हणून आतला मालही तिचाच असेल असे नाही, पावती घ्यावी.

फिल्टर बदलण्याचे काम दहा मिनिटांचे आहे, पण क्रम महत्त्वाचा. इंजिन बंद असावे. डबा उघडण्याआधी त्याच्या झाकणावरची माती पुसावी, नाहीतर तीच आत पडते. जुना फिल्टर हळू, न झटकता काढावा आणि लगेच फेकू नये. त्याच्या कडेच्या रबराचे निरीक्षण करावे. संपूर्ण कडेवर स्वच्छ, सलग रेघ उमटलेली असेल तर तो नीट बसला होता. रेघेला छेदून धुळीचा पट्टा आत गेलेला दिसला, तर गळती तेथेच. त्यानंतर डब्यातील टेकण्याची जागा आणि टर्बोकडे जाणाऱ्या पाईपचे तोंड ओलसर पांढऱ्या कापडाने पुसावे, आतून बाहेरच्या दिशेने. डब्यात हवा मुळीच मारू नये, कारण ती माती सरळ टर्बोकडे जाते. नवा फिल्टर कडेवर दाबून बसवावा, मध्यभागी नव्हे. डब्याच्या तळाशी रबरी झडप असल्यास तिचे तोंड खाली आणि मोकळे असावे. पावसाळ्यात घाटातले पाणी तेथूनच निघून जाते. झडप मातीने तुंबली की कागद भिजतो, फुगतो आणि हवा अडवतो. शेवटी फिल्टरपासून टर्बोपर्यंतचे पाईप आणि त्यांचे क्लॅम्प हाताने हलवून पाहावेत. फिल्टर उत्तम आणि पाईपला चीर, अशी गाडी गाळणीशिवायच चालत असते.

ज्यांच्याकडे एकापेक्षा अधिक गाड्या आहेत, त्यांना ऑईल बदलताना त्याचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. ऑईलमध्ये सिलिकॉन आणि त्याबरोबर ॲल्युमिनियम वाढलेले आढळले, तर धूळ आत जात आहे असे समजावे. लायनर-रिंगांची झीज सुरू असेल तर लोखंडही वाढलेले दिसते. एकच गाडी असलेल्यांना पांढरे कापड पुरते. सर्व्हिसिंगच्या वेळी ते पाईपच्या स्वच्छ बाजूस आतून फिरवायचे. बंधू आता एवढेच करतात. फिल्टरच्या टोकाच्या पट्टीवर ते बसविल्याची तारीख आणि किलोमीटर उर्दूत लिहितात. मिस्त्रींना उर्दू लिपी येत नसल्याने तेच आकडे डब्याच्या झाकणावर मराठीतही लिहावे लागतात.