परस, चूल आणि गोठा

काटकसर हा शब्द उच्चारला कीं पोटाला चिमटा घेणारा, तेलाचा थेंब मोजणारा आणि पाहुण्याला पाहून कपाळाला आठ्या घालणारा गृहस्थ पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. वास्तविक ही कंजुषी होय, काटकसर नव्हे. कंजूष मनुष्य घरांत येणारी वस्तु अडवितो. काटकसरी गृहिणी घरांतून फुकट बाहेर जाणारी वस्तु अडविते. हा भेद लक्षांत घेतला म्हणजे थोडक्या उत्पन्नाचें खेड्यांतील घर समाधानानें कसें चालूं शकतें, याचा उलगडा होतो.

या विचाराचें एक ठिकाण वऱ्हाडांत, अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. मोझरी येथें संत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापन केला. खंजिरीवर भजन म्हणणाऱ्या या संतानें प्रार्थना आणि ग्रामसफाई यांत अंतर मानलें नाहीं. १९५५ सालच्या त्यांच्या 'ग्रामगीता' या ग्रंथांत भक्तीबरोबरच गांवची स्वच्छता, आरोग्य आणि गोवंशाची सुधारणा यांचाही विचार आहे. घरामागचा उकिरडा, चुलीवरचें भांडें आणि गोठ्यांतील गाय हे विषय धर्मग्रंथांत घेण्याजोगे आहेत, असें त्यांना वाटलें, यांतच या प्रश्नाचें महत्त्व दिसून येतें.

वऱ्हाडांत तें महत्त्व अधिक आहे. येथील काळी जमीन कापसाची. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोंचली. शेतकऱ्याच्या हातीं रोकड आली खरी. परंतु १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांत, कापूस खातां येत नाहीं हा धडा या प्रांतानें फार महाग किंमत देऊन घेतला. पुढें शंभर वर्षांनीं कर्जापायीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मालिका सुरू झाली आणि २००६ सालीं केंद्र सरकारनें वऱ्हाडचे पांच व वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. कर्जाचीं कारणें मोठीं आहेत: बाजारभाव, पाऊस, सिंचन, पतपुरवठा. वांग्याच्या दोन रोपांनीं तीं दूर होतील असें म्हणणें ही क्रूर थट्टा होईल. परसबागेचें काम निराळें आहे, आणि तें समजण्यासाठीं वर्षाचें वेळापत्रक पाहावें लागतें.

कापूसवाल्याच्या घरीं पैसा दिवाळीच्या सुमारास, वेचणी सुरू झाल्यावर येतो. ज्येष्ठांत बियाणें घेतल्यापासून तोंपर्यंतचे चार-पांच महिने हातांत कांहीं नसतें. किराणा आणि भाजी उधारीवर येते. निसर्गाची योजना अशी कीं, नेमक्या याच महिन्यांत परस सर्वांत अधिक देतो. पहिल्या पावसाबरोबर तरोटा, काटेमाठ, घोळ या रानभाज्या न पेरतां उगवतात. मृगांत टाकलेला माठ तीन-चार आठवड्यांत खुडतां येतो. श्रावणाच्या सुमारास भेंडी, गवार आणि चवळी येऊं लागतात. त्यामागून कुंपणावर चढविलेले दोडके, कारलीं आणि वाल लागतात. गोठ्याच्या छपरावर सोडलेल्या कोहळ्याच्या वेलाला वेगळी जागाही लागत नाहीं. अर्थात् ज्या महिन्यांत रोकड नाहीं, त्याच महिन्यांत भाजीचा खर्च नाहीं. परसबाग कर्ज फेडीत नाहीं. पण उधारीचें एक पान कोरें ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळें खावींत. पांच माणसांच्या घराला हें प्रमाण दिवसाला २ किलो, महिन्याला ६० किलो होतें. एवढें सगळें विकत घेणें मध्यम स्थितीच्या शहरी कुटुंबालाही जड जातें. मोठा भाग परसांतून यावा यासाठीं एकच पथ्य महत्त्वाचें: सर्व बीं एका दिवशीं टाकूं नये. पालेभाजीचा लहान वाफा दर पंधरवड्यास पेरला म्हणजे एकदम ढीग येऊन वाया जात नाहीं. हिवाळ्यांत मेथी, पालक, मुळा, वांगीं आणि वऱ्हाडांत जिला सांभार म्हणतात ती कोथिंबीर असते. प्रत्येक वेलाचें एक निरोगी फळ बियांसाठीं राखून, बीं वाळवून राखेंत ठेवलें कीं पुढील सालीं बियाण्याचा खर्चही वांचतो.

वैशाखांत येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि विहिरी तळाला जातात. त्या वेळीं नव्या लागवडीचा हव्यास धरूं नये. घरचें सांडपाणी जेवढें पोशील तेवढेंच ठेवावें. न्हाणीचें पाणी लहान पाटानें केळीकडे न्यावें. भाजी आणि धान्य धुतलेलें स्वच्छ पाणी धोप्याला, म्हणजे अळूला, द्यावें. साबणाचें पाणी पालेभाजीस मात्र देऊं नये.

जमिनीकडून घेतलें तें तिला परत द्यावें लागतें. खताच्या बाबतींत वऱ्हाडानेंच एक युक्ति देशाला दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असें विटांचें टांकें जमिनीवर बांधावयाचें आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत भोकें ठेवावयाचीं. त्यांत पालापाचोळा व काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती असे थर देऊन वरून शेणमातीनें लिंपून टाकावयाचें आणि ओल टिकवावयाची. तीन-चार महिन्यांत खत तयार होतें. यांतील मर्म असें कीं सुमारे शंभर किलो शेणाच्या विरजणानें जवळजवळ तीन टन खत मिळतें. एकाच गाईच्या धन्यालाही तें साधतें आणि जाळला जाणारा कचरा शेताच्या कामीं येतो.

आतां चुलीकडे वळूं. साधा स्वयंपाक म्हणजे निकस स्वयंपाक नव्हे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर बेसन किंवा तुरीचें वरण असलें म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघते. अंबाडीची भाजी पाहावी. आंबट पानें, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ एकत्र शिजवून वरून लसणाची फोडणी दिली कीं एकाच भांड्यांत धान्य, कडधान्य आणि पालेभाजी येते. शेताच्या धुऱ्यावर वाढणाऱ्या या झाडाच्या सालीचा वाख काढून दोर वळतात; तांबड्या अंबाडीच्या बोंडांची चटणी व सरबत होतें. पाला चिरण्यापूर्वीं धुवावा, थोड्या पाण्यांत झांकण ठेवून शिजवावा आणि शिजल्याचें पाणी फेकूं नये. जीवनसत्त्वें राहतात आणि सरपणही वांचतें. जेवतांना लिंबाची फोड पिळली तर पालेभाजींतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. उन्हाळ्याचें कडक ऊन हीच येथील साठवणीची भट्टी. मुगवड्या आणि कोहळ्याचे सांडगे तींत तयार होतात व आषाढांत भाजीची जागा भरून काढतात.

तिसरें अंग गोठ्याचें. शहरांत पाळलेलें जनावर हौसेचें असतें. खेड्यांत तें घरचें कामकरी माणूस असतें. मांजर ज्वारीच्या कणग्या उंदरांपासून राखतें. भाकरीच्या तुकड्यावर राहणारा कुत्रा रात्रीं रोही आणि रानडुकरें आलीं कीं धन्याला जागें करतो. गाय चारा खाऊन दूध, ताक आणि खत देते. माया मात्र हिशेबापलीकडची असते. पोळ्याच्या आदल्या दिवशीं वऱ्हाडांत बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आवतण देतात. वर्षभर ज्यांच्या मानेवर घर चाललें, त्यांना एक दिवस पाहुण्याचा मान मिळतो.

हें चक्र एका कडीवर फिरत होतें, आणि ती कडी म्हणजे ज्वारी. दाणा माणसाला, कडबा बैलाला, शेण शेताला. गेल्या कांहीं दशकांत सोयाबीन वाढलें, ज्वारी मागें हटली. कडबा कमी झाला, बैल विकले गेले आणि खत विकत आणण्याची पाळी आली. नवें पीक घेणाऱ्याला दोष देतां येत नाहीं. त्याला पैसा हवा आणि तो हवाच. परंतु कापूस-सोयाबीनाच्या शेतांत चार तासें ज्वारीचीं आणि धुऱ्यावर अंबाडीची एक ओळ राहिली, तर घरची भाकरी आणि गोठ्याचा चारा यांचा थोडा तरी भाग दुकानाच्या वहींतून सुटेल.

शहरांतील गृहिणीला गोठा नाहीं, परस नाहीं; गच्ची किंवा खिडकी आहे. एका कुंडींत सांभार, दुसरींत मेथी आणि भाजीच्या देंठांसाठीं झांकणाचें एक मडकें एवढ्यानें आरंभ होतो. त्यांतून वांचणारा पैसा थोडाच असेल. पण घरांतून फुकट काय जातें, याकडे डोळा एकदां लागला कीं तो पाण्यावर, इंधनावर, शिळ्या अन्नावरही जातो. आणि बाजारांतील मेथीच्या जुडीमागें किती दिवसांची राखण आहे, याचीही जाणीव होते. तेवढी झाली तरी त्या कुंडीचें काम झालें म्हणावयाचें.