भडका उठतो कुठून?

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९८० च्या दशकात नाओमी रान्स या तरुण डॉक्टर मेंदूच्या विकृतींचा अभ्यास करत होत्या. शवविच्छेदनात मिळालेल्या स्त्रियांच्या मेंदूचे पातळ काप त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. काही स्त्रियांची मृत्यूच्या वेळी पाळी चालू होती, काहींची जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही गटांचे काप ताडून पाहताना हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागापाशी फरक उघड झाला. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या तिथल्या चेतापेशी चक्क फुगलेल्या होत्या. वयाबरोबर पेशी झिजतात, आक्रसतात, असंच आपण धरून चालतो. इथे मात्र उतारवयातल्या मेंदूत पेशी वाढल्या होत्या आणि जोमाने कामाला लागल्या होत्या.

हा बदल अगदीच कुणाच्या नजरेला पडला नव्हता असं नाही. १९६६ साली शीहान आणि कोव्हाक्स या संशोधकांनी तो नोंदवला होता. पण त्याचा अर्थ लागला नव्हता. रान्स तिथे थांबल्या नाहीत. १९९० साली त्यांनी दाखवून दिलं की या पेशी इस्ट्रोजेनचा निरोप ऐकणाऱ्या आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि स्कॉट यंग यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली: या पेशी न्यूरोकायनिन-बी नावाचं एक रसायन भरमसाट बनवण्याच्या तयारीत असतात. तेव्हा या रसायनाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

इकडे एक कोडं कधीचं पडून होतं. पाळी जाण्याच्या सुमारास छातीतून भडका उठतो, मानेवर, चेहऱ्यावर पसरतो, दरदरून घाम फुटतो, काळीज धडधडतं आणि काही मिनिटांनी थंडी वाजते. हे नेमकं का होतं? इस्ट्रोजेन कमी झालं म्हणून, हे उत्तर अपुरं होतं. वयात न आलेल्या मुलीच्या अंगातही ते कमीच असतं, तिला वाफा येत नाहीत. १९७९ मध्ये एक धागा हाती लागला. वाफ येते नेमक्या त्याच सुमारास रक्तात एलएच या संप्रेरकाची लाट उठते, असं दिसलं. मग एलएचच गुन्हेगार का? तर तेही नाही, कारण ते बनवणारी पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या स्त्रियांनाही वाफा येत होत्या. म्हणजे एलएचची लाट आणि अंगातला भडका या दोन्हींना एकाच वेळी हलवणारं काहीतरी पीयूषिकेच्या वर, मेंदूत बसलेलं होतं. रान्स यांच्या फुगलेल्या पेशी नेमक्या तिथेच होत्या.

तरीही या शोधाला वीसएक वर्षं वाट पाहावी लागली. मला यात नुसता योगायोग दिसत नाही. जगातल्या निम्म्या माणसांना ज्यातून जावं लागतं तो त्रास ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून दिला, की त्यामागचं कारण शोधायलाही कुणी घाई करत नाही.

दार उघडलं ते अनपेक्षित दिशेने. तुर्कस्तानातल्या काही कुटुंबांत मुलं-मुली वयातच येत नव्हती. २००९ साली केमाल तोपाल्ओलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा कुटुंबांत न्यूरोकायनिन-बीच्या किंवा त्याच्या ग्राहीच्या, म्हणजे त्याचा निरोप टिपणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात बिघाड सापडला. ज्या रसायनाचा महापूर पाळी जाताना येतो, त्याच्याविना पाळी सुरूच होत नव्हती! एव्हाना रान्स अ‍ॅरिझोना विद्यापीठात होत्या. त्यांच्या गटाने मादी उंदरांमधल्या नेमक्या याच पेशी विषाने नष्ट केल्या. उंदीर अंगातली उष्णता शेपटीवाटे बाहेर टाकतो. या पेशी गेल्यावर शेपटीच्या त्वचेचं तापमान उतरलं. २०१२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

आता साखळी जुळत होती. या पेशींचे तंतू शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत जातात. इस्ट्रोजेन असतं तोवर त्यांना लगाम असतो. ते ओसरलं की पेशी फुगतात, न्यूरोकायनिन-बी सोडत सुटतात, आणि अंग तापलेलं नसतानाही केंद्राला वाटतं की तापलंय. मग कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो.

खरी परीक्षा माणसावर व्हायची होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पाळी चालू असलेल्या दहा निरोगी स्त्रियांना शिरेतून कधी न्यूरोकायनिन-बी, तर कधी नुसतं द्रावण देण्यात आलं. आज कोणतं चालू आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नुसत्या द्रावणाने कुणालाही काही झालं नाही. न्यूरोकायनिन-बी दिल्यावर दहापैकी आठजणींना अंगात वाफ उसळल्याचं जाणवलं. हा निकाल २०१५ चा. याच संस्थेतल्या ज्युलिया प्रेग आणि वलजित धिल्लो यांच्या गटाने मग उलट प्रयोग केला. त्यांनी त्या रसायनाचा ग्राही बंद करणारी गोळी दिवसातून सातदा किंवा त्याहून जास्त वाफा येणाऱ्या ३७ स्त्रियांवर आजमावली. वाफा खूपच कमी झाल्या. मात्र तिघींच्या यकृताच्या चाचण्या बिघडल्या आणि ती गोळी मागे पडली. तिच्या जातकुळीतलं फेझोलिनेटँट पुढे गेलं आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. यकृताला क्वचित गंभीर इजा होते असं दिसल्यावर २०२४ च्या डिसेंबरात त्यावर ठळक इशारा छापला गेला. त्यामुळे या औषधाबरोबर रक्ताच्या ठरावीक तपासण्या आल्याच.

हॉर्मोन उपचार असताना नव्या गोळीचं एवढं अप्रूप कशाला, असं कुणी विचारेल. वाफांवर इस्ट्रोजेनइतका खात्रीचा उपाय आजही दुसरा नाही, आणि त्याने हाडंही टिकतात. नवी गोळी हाडांसाठी काही करत नाही. पण जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला आणि जगभर धसका बसला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढला होता. किती? १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षं उलटली होती. पण बातमी पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायकांनी ऐकली आणि गोळ्या टाकून दिल्या. एका पिढीने हा त्रास विनाकारण सोसला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजची समज अशी की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत उपचार सुरू केला, तर बहुतेक निरोगी स्त्रियांत फायदा जोखमीपेक्षा जास्त असतो. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेन एकटं घेऊ नये. प्रोजेस्टेरॉनची जोड नसली तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग संभवतो. पट्टी किंवा जेलमधून दिलेलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालतं, त्यामुळे त्यात रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना सहसा हे देत नाहीत, आणि हॉर्मोनविरहित वाट हवी आहे ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांच्या चार-पाच वर्षं आधी. त्या वयात घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची आजारपणं सगळं अंगावर असतं, आणि रात्री तीनदा चादर भिजते. बायांनो, याला स्वभाव म्हणू नका, नशीब म्हणू नका. हे मेंदूतल्या ठाऊक झालेल्या पेशींचं काम आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, घरात कुणाला कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर तो सांगा आणि आपल्याला काय चालेल ते विचारून घ्या. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही न दवडता तपासून घ्या.