आस्कंदाची मुळी आणि मनाचा ताण

औषधांच्या दुकानात अश्वगंधेच्या डब्या आता मागच्या फळीवरून पुढे सरकून थेट गल्ल्याशेजारी येऊन बसल्या आहेत. ताण घटेल, झोप लागेल, उत्साह वाढेल, अशी आश्वासने त्यांच्या वेष्टनावर छापलेली असतात. कामाचा बोजा, परीक्षा किंवा अपुरी झोप यांनी थकलेली माणसे डॉक्टरांची पायरी चढण्यापूर्वी या डबीकडे वळतात. औषध आपले, जुने आणि वनस्पतिजन्य. झाला तर फायदाच होईल, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब निम्माच बरोबर आहे.

अश्वगंधा म्हणजे मराठीतील आस्कंद. वांगी-बटाट्याच्या कुळातील हे लहानसे झुडूप आहे. त्याच्या ताज्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, म्हणून संस्कृतात ते नाव पडले. वनस्पतिशास्त्राने दिलेल्या लॅटिन नावातील 'सोम्निफेरा' या शब्दाचा अर्थ मात्र 'झोप आणणारी' असा आहे. चरकसंहितेत तिची गणना बल्य आणि बृंहणीय, म्हणजे बळ देणाऱ्या व शरीराचे पोषण करणाऱ्या औषधींत केलेली आहे. 'ताणावरचे औषध' ही तिची ओळख त्यामानाने नवी. शरीराला ताण सोसण्यास मदत करणाऱ्या द्रव्यांसाठी 'अॅडाप्टोजेन' हा शब्द सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव्ह यांनी १९४७ मध्ये योजला. पुढे अश्वगंधाही त्याच यादीत जाऊन बसली.

या ओळखीला प्रयोगांचा आधार आहे, पण तो बेताचा. हैदराबाद येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ताणाची तक्रार असलेल्या ६४ प्रौढांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला मुळीच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित कॅप्सूल देण्यात आली. ६० दिवसांनंतर पहिल्या गटाच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटात सुमारे ८ टक्क्यांनी उतरले. त्यानंतरच्या अनेक लहान अभ्यासांतूनही ताण व झोपेच्या बाबतीत असाच कौल मिळाला आहे. जैविक मानसोपचाराच्या जागतिक महासंघाने कॅनडातील तज्ज्ञांसह २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अतिचिंतेच्या विकारासाठी दररोज ३०० ते ६०० मिलिग्रॅम अर्काची तात्पुरती शिफारस आहे. 'तात्पुरती' हा शब्द जाहिरातीत सापडणार नाही. हे अभ्यास बहुधा काही डझन माणसांचे व दोन-तीन महिन्यांचे आहेत. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याचे काय होते, याचे उत्तर त्यांत नाही.

सकाळी कॅप्सूल घेतली आणि दुपारी मन हलके झाले, असेही या औषधाचे नाही. फरक दिसायला कित्येक आठवडे लागतात. दुसरे म्हणजे अर्क आणि चूर्ण एक नव्हे. आयुर्वेदिक औषधिकोशात मुळीच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे व ते परंपरेने दुधाबरोबर घेतात. अर्कात विथॅनोलाइड ही द्रव्ये एकवटलेली असतात, म्हणून त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. चमचाभर अर्क चूर्ण समजून घेणे ही गंभीर चूक ठरेल.

डबीत नेमके काय आहे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर भागात आस्कंदाची मोठी शेती होते आणि नीमचच्या बाजारात वाळलेल्या मुळ्यांची प्रतवारी होऊन त्या देशभर जातात. मुळी खणून, वाळवून, निवडावी लागते. पाने स्वस्तात मिळतात. त्यामुळे काही उत्पादनांत पाने शिरली. परंपरेने पोटात घेण्यासाठी वापरली जाते ती मुळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना केली. ग्राहकाने वेष्टनावर 'मूळ' हा शब्द शोधावा, एवढे तरी त्याच्या हाती आहे.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज येथेही खरा ठरत नाही. आइसलँड व अमेरिकेतील पाच रुग्णांना अश्वगंधेची उत्पादने घेतल्यानंतर कावीळ व तीव्र खाज सुटल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध थांबवल्यावर ते बरे झाले. भारतातही यकृतविकाराचे असे रुग्ण पुढे नोंदवले गेले. असे प्रकार विरळा आहेत, पण डोळे किंवा लघवी पिवळी दिसू लागल्यास कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावे. डेन्मार्कने थायरॉइड, लैंगिक संप्रेरके व गर्भावरील संभाव्य परिणामांचे कारण देत २०२३ मध्ये या वनस्पतीवर बंदीच घातली. गर्भवतींनी ती टाळावी. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, झोप यांची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये. अडचण अशी की, 'कोणती औषधे घेता?' या प्रश्नाला उत्तर देताना पुष्कळजण आयुर्वेदिक औषधांचा उल्लेखच करीत नाहीत.

सर्वांत मोठा धोका मात्र या मुळीत नाही, तिच्यावर विसंबून दवडलेल्या वेळात आहे. कामाच्या रेट्याने आलेला शीण वेगळा आणि नैराश्याचा आजार वेगळा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, भूक व झोप बिघडणे ही आजाराची लक्षणे होत. त्यावरील उपचार म्हणून अश्वगंधेला पुरेसा पुरावा नाही. चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या सोडून आस्कंद धरणे तर घातकच. त्या गोळ्या अचानक बंद केल्यास त्रास उलटतो. मरणाचे विचार मनात येत असतील, तर दोन महिने चूर्णाचा गुण येण्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.