रिकामी घरे शोधणारा रेडिओ



रेंजसाठी तुमच्यापैकी किती जणांनी टेकडी चढली आहे? आमच्या मुरबाड तालुक्यातल्या शाळेत हे नवे नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि मोबाइलला रेंजच नाही! तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, रेडिओ इथं लागतो, मग इंटरनेट का नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. दोन्ही रेडिओलहरींवरच चालतात. फरक वारंवारतेचा. वारंवारता कमी असली, की लहर झाडी-डोंगरांनी कमी अडते. मोबाइलचा मनोरा लांब असला, की मध्ये डोंगर आडवा येतो.

शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याहून विहीगावच्या रस्त्याने पुढे गेले, की खोडाळा लागते. २०१४ पर्यंत तेही आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. आता पालघरमध्ये आहे. तेव्हा मुंबईच्या आयआयटीत असलेले प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्याचा अभ्यास केला. त्यात ८-८ मेगाहर्ट्झची १५ घरे. बहुतेक ठिकाणी त्यांतली बरीचशी रिकामीच निघाली! त्याच घरांतून त्यांनी खोडाळा आणि आसपासच्या गावांत इंटरनेट नेऊन दाखवले. त्यांच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

पण घर रिकामे आहे, हे ओळखायचे कसे? इथे कामी येतो सॉफ्टवेअर रेडिओ. आजोबांच्या ट्रान्झिस्टरचे काम त्याच्या सुट्या भागांनी ठरते. त्याच्यावर टीव्ही लागणार नाही. सॉफ्टवेअर रेडिओ मात्र अँटेनावर आलेली लहर सेकंदाला लाखो वेळा मोजतो आणि ते आकडे संगणकाला देतो. पुढचे सारे काम प्रोग्रॅमचे. तवा एकच, आज भाकरी, उद्या घावन! संशोधकांना नवी कल्पना तपासायला दर वेळी नवे यंत्र बनवावे लागत नाही. प्रोग्रॅम बदलला की झाले.

२०१२ साली हौशी मंडळींच्या लक्षात आले, की टीव्ही पाहण्यासाठी संगणकाला जोडायची एक स्वस्त, बोटाएवढी डबी हेच काम करते. ती सेकंदाला सुमारे २४ लाख वेळा लहर मोजते. 'ग्नू रेडिओ' हा प्रोग्रॅमही फुकट मिळतो. शिकणारा आधी नुसते ऐकायला शिकतो. लहरी पाठवायच्या असतील, तर मात्र सरकारी परवाना लागतो, हे विसरू नका हं!

डबी नसली तरी पहिला धडा घरी करता येईल. वहीत ८८ ते १०८ आकड्यांची पट्टी आखा. एफएमचा काटा सावकाश फिरवा. आवाज आला तिथे घर रंगवा, नुसती खरखर आली तिथे कोरे ठेवा. आम्ही वर्गात हेच केले. पट्टी पाहून तीच मुलगी म्हणाली, "बाई, एवढी जागा मोकळी आहे?"

तिचा अर्ज त्या दिवशी टेकडीवरूनच भरला. तुमच्या गावची पट्टी कशी दिसते? आखा, आणि वर्गात सगळ्यांना दाखवा.