हात एक, अर्थ अनेक

रायपूरला लागून असलेले बीरगांव हे कारखान्यांचे गाव. तेथील मराठी घरातले मूल घरी ‘हात’ म्हणते, बाजारात ‘हाथ’ ऐकते आणि शाळेत ‘हँड’ शिकते. अवयव एकच, परंतु वाक्प्रचारात शिरताच या तिन्ही शब्दांच्या वाटा वेगळ्या होतात.

‘हात’ आणि ‘हाथ’ ही संस्कृत ‘हस्ता’ची लेकरे. प्राकृतात त्याचे ‘हत्थ’ झाले. हिंदीने शेवटचा महाप्राण राखला, मराठीने तो सोडला. ‘कर’ व ‘पाणि’ हेही हाताचेच पर्याय. पण सही ती हस्ताक्षर, जोडावयाचे ते कर, आणि विवाहात होते ते पाणिग्रहण. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. लग्नाचेच पाहा: मराठीत दोनाचे चार हात होतात, हिंदीत मुलीचे हात पिवळे होतात. एकीकडे बेरीज, दुसरीकडे हळद!

इंग्रजी ‘हँड’ म्हणजे घड्याळाचा काटा, वाट्याला आलेले पत्ते, तसाच कारखान्यातला मजूरही. घोड्याची उंचीही ‘हँड’मध्येच सांगतात, हे माप 4 इंचांचे. आपला हात मात्र कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, सुमारे 18 इंचांचा. त्यामुळे पंधरा ‘हँड’ घोडा 5 फूट भरतो; त्याला ‘पंधरा हात’ म्हटले, तर तो साडेबावीस फुटांचा होईल!

खरी फसगत होते ती शब्द जुळतात तेथे. वाहत्या गंगेत हात धुणारा हिंदीत आणि मराठीतही संधिसाधूच. पण हिंदीत कोणी नोकरीपासून ‘हाथ धो बैठा’, तर त्याने ती गमावलेली असते. इंग्रजीत कोणी एखाद्या प्रकरणातून हात धुतले, तर त्याने जबाबदारी टाळलेली असते. त्याला आपण ‘हात झटकले’ म्हणतो. लाभ, हानी आणि पळवाट, तिन्हींना पाणी एकच! पोटापाण्याच्या व्यवहारात हा फरक कळला नाही, तर माणूस भलताच अर्थ घेऊन घरी येतो.

याच छत्तीसगडात 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. दोन भाषांत असा संचार करावयाचा, तर दोन्हींचे वाक्प्रचार अंगवळणी पडावे लागतात. म्हणून मुलाने एखाद्या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला, तर नुसता प्रतिशब्द देऊ नये. तो कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून म्हणतात, ते सांगावे. गणितात ‘हातचा एक’ धरताना त्यामागचा हात त्याला दाखवावा. हिंदीत त्यालाच ‘हासिल’ म्हणतात. तेथे हात नाही.